डाव्या बरगडीखाली

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

दादा,

प्रिय लिहावं की नाही याचा विचार करत बसले तोवर चहा गार झाला. म्हणून नुसतं दादा. तीन वर्षांनी तेवढंही पुष्कळ आहे.

फोन केला असता, पण तू मला ब्लॉक केलंयस की मी तुला, हे आता मलाही आठवत नाही. शिवाय आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान तू मध्ये तोंड घालणार नाहीस. मार्सेल हे पत्र घेऊन पाचूबंदरला तुझ्या घरी येईल. माझा राग माझ्या नवऱ्यावर काढू नकोस. त्याला ओट्यावर बसव, चहा दे.

सरळ सांगते. मला रक्ताचा कॅन्सर झालाय. ऑगस्टमध्ये कळलं. केमो झाली, केस गेले. आजार सध्या दबून बसलाय, पण डॉक्टर म्हणतात तो परत येणार. येऊ द्यायचा नसेल तर माझ्या हाडांतला मगज, म्हणजे बोनमॅरो, पूर्ण मारायचा आणि दुसऱ्या कुणाच्या रक्तातल्या मूळपेशी मला द्यायच्या. त्या सख्ख्या भावंडाच्या जुळल्या तर उत्तम. मला सख्खं भावंड एकच आहे. माझी फजिती बघायची तुझी हौस देवानं बरोबर लक्षात ठेवली.

तुला वाटेल आता तुझी हाडं पोखरणार. तसं नाही. 'उंदीरवाली' म्हणून गावभर माझी टिंगल करायचास ना, प्रयोगशाळेतल्या त्या उंदरांवर मी हेच काम करत होते. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी हाडाच्या पोकळीत राहतात. तिथल्या शेजारच्या पेशी एक पदार्थ सोडत असतात, त्याच्या ओढीनं त्या जागेवर धरून राहतात, खुंट्याला बांधलेल्या होडीसारख्या. उंदराला काही दिवस एक औषध टोचलं की तो पदार्थ कमी होतो, दोर सैल पडतो आणि मूळपेशी हाडातून निघून रक्तात येतात. मग हाडाला हात लावावा लागत नाही, रक्तातूनच त्या गोळा करता येतात. माणसातही तसंच. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन मूळपेशी काढून घेतं, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं.

आत्ता फक्त जुळतंय का ते बघायला रक्त द्यायचंय.

म्हणून मी सगळं विसरले असं मात्र समजू नकोस. आय आजारी होती तेव्हा मी बंगळूरला होते आणि रोज तुला फोन करत होते. रोज तू म्हणालास, ''काय नाय गो, पोटात जरा दुकतंय तिच्या.'' मी तिथं माझ्या उंदरांवर भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या. विमानातून उतरले तेव्हा आय शवपेटीत होती. तुझं ते 'काय नाय' मी मरेपर्यंत विसरणार नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणाले होते. आता माझं मरण लांब ठेवणं तुझ्या हातात आलंय, एवढाच घोटाळा झालाय.

येशील का?

लुईझा


आचोळे
२० फेब्रुवारी २०२५

दादा,

जुळलं. तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, पण मलाही सांगायचं होतं. पूर्ण जुळलं. लहानपणी आपल्या दोघांचं कशावरही जुळलं नाही आणि हाडांच्या आत हे असं निघालं.

त्या दिवशी हॉस्पिटलात तू माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलास. नर्सनं ''सेबेस्टियन कोण?'' म्हणून हाक मारली तेव्हा तू उठलास आणि माझ्या टोपीकडे बघितलंस. टोपीखाली केस नाहीत हे तुला कळलं. तू काहीतरी बोलणार होतास. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. आता वाटतं, घालायला नको होतं.

काल सॅन्ड्रावहिनीचा फोन आला. म्हणाली, ''तुजा दादा इचारतो, डॉक्टर बोल्ला का डाव्या बरगडीखाली काय तरी सुजतं, फुटू पन शकतं. ते खरा का? लुईझाला इचार, बोल्ला. ती सांगल तोच मी धरीन.''

तर ऐक. तिथल्या अवयवाला प्लीहा म्हणतात, इंग्रजीत स्प्लीन. कुठलंही औषध द्यायचं म्हटलं की डॉक्टरांना त्याचा सगळा वाईटपणा सांगावा लागतो, ते सगळ्यांनाच सांगतात. त्या सुयांच्या औषधानं माझ्या उंदरांच्या प्लीहा सुजतात हे खरंय. पण उंदराची प्लीहा रक्तही बनवते, मोठ्या माणसाची तसं करत नाही, म्हणून उंदराची गोष्ट वेगळी आणि तुझी वेगळी. तुझी हाडं दुखतील, पाठ आणि मांड्या दुखतील, ताप आल्यासारखं वाटेल. बाकी काही नाही.

वर एक ओळ खोडलेली दिसेल. शाई सांडली म्हण.

माझी ॲडमिशन पुढच्या आठवड्यात आहे. तुझ्या सुया वसई गावातल्याच दवाखान्यात देतील, संध्याकाळच्या वेळी. तिथला डॉक्टर चांगला आहे, पण फार बोलतो. त्याच्या बोलण्यानं घाबरून जाऊ नकोस.

लुईझा


मुंबई, हॉस्पिटल
१ मार्च २०२५

दादा,

ही खोली आपल्या होडीच्या केबिनपेक्षा थोडीशी मोठी आहे. एका बाजूला काच. काचेपलीकडे मार्सेल उभा राहतो आणि आम्ही फोनवर बोलतो, समोरासमोर असून. बाहेरची वस्तू आत येत नाही. आतला कागद बाहेर जाऊ शकतो, म्हणून तुला पत्रं मिळत राहतील, तुला हवी असोत वा नसोत.

कालपासून मगज मारायचं औषध सुरू झालं. आता मागं फिरता येत नाही. हे तुला नीट कळावं म्हणून पुन्हा लिहिते. माझ्या हाडांत जे काही होतं ते मरतंय. चांगलंही, वाईटही. माझं रक्त आता नवं तयार होणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही उंदरांचा मगज असाच मारायचो आणि मग दुसऱ्या उंदराच्या पेशी शेपटीच्या शिरेतून द्यायचो. काहींना मुद्दाम द्यायचो नाही, फरक कळावा म्हणून. ते उंदीर आधी खायचे-प्यायचे, अगदी ठीक दिसायचे. मग अंगावरचे केस पिंजारायचे, कोपऱ्यात बसायचे आणि दोन आठवड्यांच्या आत जायचे. त्या पिंजऱ्यांवर मी हिरवी चिठ्ठी लावायचे. माझ्या खोलीच्या दारावर काय रंगाची चिठ्ठी आहे ते मला आतून दिसत नाही.

सोमवारी तुझी पहिली सुई. विसरणार नाहीस ना? तू विसरभोळा नाहीस, मला माहीत आहे. आयची औषधं तूच वेळेवर द्यायचास. हे मी कधी कबूल केलं नव्हतं.

हे सगळं आजच का लिहिलं, गेल्या आठवड्यात का नाही, असं तू विचारशील. विचारू नकोस.

लुईझा


मुंबई, हॉस्पिटल
५ मार्च, राखेचा बुधवार, सकाळ

दादा,

तोंडात फोड आलेत, थुंकीही गिळवत नाही, बोलणं तर लांबच. नाहीतर मार्सेलच्या फोनवरून तुला ओरडून सांगितलं असतं. अक्षर वाकडं आहे. तरी शेवटपर्यंत वाच.

काल तुझी दुसरी सुई झाल्यावर मार्सेलनं सॅन्ड्रावहिनीला तुझी तब्येत विचारली. ती म्हणाली, ''हाडा दुकतात त्याची. डावी बाजू धरून बसतो. पन सकाळी होडीवर गेला. उपासकाल लागतो ना, लोक मटन सोडतात, मासलीला मागनी हाय, दोन खलाशी गावाला गेलेत. तोच डोलीचा जाला वढतो.''

मार्सेलनं विचारलं, डॉक्टरनं जड काम नको सांगितलं नव्हतं का? ती म्हणाली, ''बोल्लेला. पन हा बोल्ला, डॉक्टर धा लोकांना धा गोष्टी सांगतो. माजी बहीन त्याच कामातली हाय. ती काय नाय बोल्ली, म्हनजे काय नाय.''

दादा, मी खोटं सांगितलं. माणसाची प्लीहाही त्या औषधानं सुजते. उंदराइतकी नाही, पण सुजते. फार क्वचित फुटते, पण फुटू शकते, आणि जाळं ओढताना पोटावर जोर येतो तेव्हा तर नक्कीच धोका. फुटली तर आत रक्त वाहतं आणि होडीवरून धक्क्याला येईपर्यंत माणूस हाती लागत नाही. मी सुजलेल्या प्लीहा हातात घेऊन वजन केलेल्या आहेत. मला सगळं माहीत होतं. त्या पत्रात खोडलेली ओळ अशी होती : 'सुया सुरू झाल्यापासून पुढचे तीन-चार आठवडे जाळ्याला हात लावू नकोस.' मी ती खोडली, कारण ऐन सीझनमध्ये जाळं सोड म्हटल्यावर तू नाही म्हणशील अशी मला भीती वाटली. डॉक्टर तुला सांगतीलच, मग माझ्यावर पाप नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. तू डॉक्टरचं सोडून माझं ऐकशील असं माझ्या मनातही आलं नाही. तीन वर्षं तोंड न बघणाऱ्या बहिणीचं कोण ऐकतं?

वहिनीचं बोलणं मार्सेलनं मला आज पहाटे सांगितलं, तेव्हापासून तो तुझ्या फोनवर फोन करतोय. तू खाडीबाहेर आहेस, रेंज नाही. तो हे पत्र घेऊन धक्क्यावर उभा राहील. होडी लागली की आधी बस. काही उचलू नकोस. डावा खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल तर ती फुटल्याची खूण, पत्र पुढं वाचू नकोस, मार्सेलबरोबर तडक हॉस्पिटल गाठ.

तसं काही नसेल तर पुढचं वाच. सोनोग्राफी कर. मग तुला वाटलं तर पुढची सुई घे. नको वाटलं तर घेऊ नकोस. तू नाही घेतलीस तर माझं काय होईल ते मी शनिवारच्या पत्रात लिहिलंय. ते पत्र मी तुला अडकवण्यासाठी लिहिलं होतं. हिरव्या चिठ्ठीचं त्यासाठीच लिहिलं. ते फाडून टाक. ते लिहिलंच नव्हतं असं समज आणि मग ठरव.

मला जगायचंय. पण तू मेल्यावर तुझं रक्त अंगात घेऊन मी पाचूबंदरला सॅन्ड्रावहिनीसमोर कशी उभी राहू?

लुईझा


मुंबई, हॉस्पिटल
८ मार्च २०२५

दादा,

तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे, पण काचेच्या या बाजूनं ते कसं दिसलं ते ऐक.

बुधवारी दुपारी मार्सेलचा फोन आला. म्हणाला, होडी लागली, सेबेस्टियनला पत्र दिलं, त्यानं उभ्या उभ्या वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि निघून गेला. घरी गेला नाही. फोन होडीवरच ठेवून गेला. सॅन्ड्रावहिनी बंदरभर शोधतेय.

मी पलंगावर पडून छताकडे बघत होते. माझ्या अंगात तेव्हा जवळजवळ एकही पांढरी पेशी नव्हती, हे रोजच्या तपासणीत कळत होतं. तुझ्यावर राग येईना. मला पहिल्यांदा कळलं की आय गेली तेव्हा तुला कसं वाटलं असेल, फोनवर माझं रडणं ऐकताना. आपल्या 'काही नाही'मुळे दुसऱ्याचं काय झालं हे ऐकत उभं राहणं म्हणजे काय ते कळलं. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली. दवाखान्यातून कळलं, आला नाही. नर्स मला विचारत होती, दुखतंय का? मी मान हलवली. तिला वाटलं तोंड दुखतंय.

मग दिवेलागणीला मार्सेलचा परत फोन. तू स्वतःहून दवाखान्यात येऊन बसला होतास. कपाळावर चर्चमधली राख, चपलांना कबरस्तानातली माती, आयकडे जाऊन आला होतास. डॉक्टरनं सोनोग्राफी केली. सुजली आहे, फुटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, औषध थांबवायचं की सांभाळून पुढं जायचं, ठरवा. तू म्हणालास, ''तिला शिव्या मागाहून देईन. आधी सुई दे.''

हे मार्सेलनं सांगितलं तेव्हा मी हसले आणि ओठ फाटून रक्त आलं. रक्त थांबायला वेळ लागला. पण हसले.

काल तू दोन्ही हातांत नळ्या घालून त्या मशीनला बसलास, माझ्यापासून दोन मजले खाली. दुपारी कळलं की पेशी कमी भरल्या, आणखी एक औषध देऊन आज परत बसावं लागेल. ते औषधही मी उंदरांना दिलंय. ते दोर सैल करत नाही, सरळ कापतं. तासाभरात पेशी बाहेर. मला वाटलं आता तू कंटाळून शिव्या घालशील. तू म्हणे नर्सला विचारलंस, ''अजून लागतील तर अजून बसू का?''

आज संध्याकाळी पिशव्या आल्या. फिक्या लाल रंगाच्या, त्यांवर तुझं नाव. मी एकटक बघत होते. उंदरांत आम्ही या पेशींना रंग लावून पाहिलंय. शिरेत सोडल्या की त्या रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात आणि हाड आलं की तिथं उतरतात. त्यांना कुणी वाट दाखवत नाही. इतकी वर्षं मी हे वाक्य भाषणात म्हणायचे. आज मनात म्हणताना रडले.

मार्सेलकडे तू दोन निरोप दिलेस. पहिला, ''तिला सांग, फिट्टंफाट.'' मान्य. तू 'काय नाय' म्हणालास, मीही म्हणाले. फरक इतकाच की मी तुझं ऐकून तीन वर्षं रुसले आणि तू माझं ऐकून जाळं ओढायला गेलास.

दुसरा निरोप मी मार्सेलला दोनदा सांगायला लावला. ''आयनं शपथ घातलेली. पोरीचा भाषन झाल्याबिगर सांगू नको, बोल्ली. मी ऐकला. ऐकाय नको होता.'' तीन वर्षांत हे एकदाही का बोलला नाहीस, असं मी लिहिणार होते. मग आठवलं, मी तुला बोलू कुठं दिलं?

होडी वर ओढून ठेवलीस असं वहिनी म्हणाली. ती तिथंच राहू दे.

लुईझा


मुंबई, हॉस्पिटल
१९ मार्च २०२५

दादा,

तू रोज मार्सेलला विचारतोस, कशी आहे. मार्सेल रोज मला विचारतो, काय सांगू. गेले तीन दिवस मी त्याला फोनवर टाइप करून सांगत होते, सांग की ठीक आहे, त्याच्या प्लीहेला आराम पडू दे, उगाच मुंबईला धावत येईल.

आज सकाळी ते शब्द बोटांवर आले आणि माझीच मला शिसारी आली. आपल्या घरातल्या माणसांना काय रोग आहे कोण जाणे. आयनं तुला तेच करायला लावलं, तू मला तेच केलंस, मी तुला. प्रत्येकाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नसतो, आणि मग शेवटी पेटीपाशी भेट होते.

म्हणून खरं लिहिते. ताप एकशे तीनवर गेला होता. छातीत संसर्ग आहे, तीन वेगवेगळी औषधं चालू आहेत. तोंडापासून घशापर्यंत सगळं सोलून निघालंय. वजन उतरलंय, आरशात बघत नाही. तुझ्या पेशी अजून उगवलेल्या नाहीत, आज बारावा दिवस, आतापर्यंत दिसायला हव्या होत्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा म्हणाला. मला भीती वाटते. फार भीती वाटते. संध्याकाळी खिडकीतून पिवळा उजेड येतो तेव्हा सगळ्यात जास्त.

तू ये. सावकाश ये, मार्सेलच्या गाडीनं ये, काही उचलू नकोस. आत येऊ देणार नाहीत. काचेपलीकडे खुर्ची टाकून बस. बोलता येत नाही, भांडण होणार नाही. वाटलं तर तू शिव्या दे, मी फोन कानाला लावून ऐकीन. आयच्या शेवटच्या दिवसांत काय काय झालं तेही सांग. सगळं सांग, मला त्रास होईल ते आधी सांग.

लुईझा

ता. क. मार्सेल पत्र न्यायला आला आणि मागोमाग नर्स आजचा रिपोर्ट घेऊन आली. काल शून्य होतं तिथं आज दोनशे आहे. पांढऱ्या पेशी. डॉक्टर म्हणतात अजून लांबचा पल्ला आहे, ताप आहेच. पण त्या माझ्या असूच शकत नाहीत, माझ्या सगळ्या मेल्या. तुझ्या आहेत.

आकडा आला म्हणून येणं टाळू नकोस. ये.